हंसपतरायाचा रेझ्युमे

आमच्या शहरात रेझ्युमे लिहायला बसलेला माणूस अनुभवापाशी नंतर अडतो, आधी पत्त्यापाशी अडतो. २०२३ मध्ये शहर छत्रपती संभाजीनगर झालं. पदवीच्या कागदावर औरंगाबाद आहे, आधार कार्डावर काय आहे ते काढून बघावं लागतं, आणि नोकरीच्या पोर्टलवर गावांची यादी उघडली की तिच्यात दोन-दोन औरंगाबाद निघतात. त्यातलं एक बिहारमधलं. बोट घसरून त्यावर पडलं की दोन दिवसांत फोन, "गया में साइट है, कल सुबह आ जाओगे ना?" समोरच्याच्या मते तास-दीड तासाचा रस्ता असतो.

आणि सध्या जो तो प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला निघालाय. पूर्वी आमच्याकडे प्रोजेक्ट म्हटलं की एकच, जायकवाडी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि मधल्या काळात "मुलगा प्रोजेक्टवर आहे" एवढं सांगितलं की लग्न जमायचं. पुढं १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागं सुटे भाग पुरवणारे आले. तिथली उतरंड सरळ होती: हेल्पर, ऑपरेटर, सुपरवायझर, इंजिनिअर, साहेब. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर झालं, कुठली कंपनी किती एकर घेणार याच्या बातम्या रोज पेपरात यायला लागल्या, आणि उतरंडीतल्या प्रत्येकाला 'प्रोजेक्ट' चिकटलं. प्रोजेक्ट इंजिनिअर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, प्रोजेक्ट लीड. परवा आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्याच्या कार्डावरही वाचलं, 'प्रोजेक्ट हेड'. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो खरोखरच आहे.

रेझ्युमे तयार होतो झेरॉक्सच्या दुकानात. उस्मानपुऱ्यात, औरंगपुऱ्यात अशी दुकानं ओळीनं आहेत. दुकानदार मान वर न करता विचारतो, "फ्रेशर का बनाना, के एक्स्पीरियन्सवाला?" आणि आपण तोंड उघडायच्या आत एक जुनी फाईल उघडून नाव बदलायला घेतो. त्याच्या कॉम्प्युटरवर शहरातले कित्येक वर्षांचे इंजिनिअर 'फायनल', 'न्यू फायनल', 'फायनल लास्ट' अशा नावांनी पडलेले असतात. प्रत्येक नवा रेझ्युमे कुठल्या तरी जुन्याच्या पोटातून निघतो. त्यामुळे आमच्याकडच्या समस्त होतकरूंचं जीवनध्येय एकच आहे: आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीसाठी आपल्या कौशल्यांचा पुरेपूर वापर करणे. छंदही एकच: गाणी ऐकणे, क्रिकेट खेळणे, नवीन मित्र करणे. वाळूजमधला एक एचआरवाला सांगत होता, एका सकाळी त्याच्यापुढं ओळीनं तीन उमेदवार आले आणि तिघांच्याही रेझ्युमेच्या तळाला 'स्थळ: जालना' होतं. तिघांत जालन्याचा एकही नव्हता.

त्याच कॉम्प्युटरवर लग्नाचे बायोडाटाही होतात. फरक एवढाच की नोकरीच्या कागदावरचा गणपती तेवढा काढायचा असतो. माझ्या भाच्याच्या वेळी गणपती निघाला, पण बाकीचं राहिलं. पुण्याच्या एका कंपनीकडे प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी 'वर्ण निमगोरा, उंची ५ फूट ७ इंच, नाडी मध्य' असा उमेदवार गेला, आणि वधुवर मंडळाकडे 'नोटीस पिरियड तीन महिने, वाटाघाटीस वाव' असा वर गेला. उत्तर दोन्हीकडून आलं नाही असं नाही. मंडळाकडून आलं.

त्यानंतर ताईनं मला फोन केला. "तू पेपरात लिहितोस ना, मग त्याचं एक पान लिहून दे." ज्याला लिहिता येतं त्याला काहीही लिहिता येतं, अशी घरच्यांची समजूत असते. रविवारी सकाळी भाचा लॅपटॉप घेऊन आला, पाठोपाठ दाजी आले. दाजी झेडपीतून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी रेझ्युमे म्हणजे सेवापुस्तकाचा धाकटा भाऊ. वडिलांचं पूर्ण नाव पाहिजे, मूळ गाव तालुक्यासह पाहिजे, रक्तगट पाहिजे, ओळखीची खूण पाहिजे. "डाव्या कोपरावर तीळ आहे त्याला," दाजी म्हणाले. भाच्यानं बाही खाली ओढली.

मी रेझ्युमे वाचला. चार पानं होती. पहिल्या पानावर भाचा परिणामाभिमुख होता, गतिमान होता, स्वयंप्रेरित होता. दुसऱ्या पानावर तो क्रॉस-फंक्शनल टीम कोऑर्डिनेट करत होता, स्टेकहोल्डर मॅनेज करत होता, टाइमलाइन मॉनिटर करत होता. वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला, पण तो करतो काय ते कळेना.

"तू नेमकं काय करतोस रे?"

"सांगितलं ना मामा. कोऑर्डिनेशन."

"कंपनीत गेल्या गेल्या पहिलं काम काय?"

"फोन लावतो."

"कुणाला?"

"टूलरूमवाल्याला."

"कशाला?"

"त्यानं रात्री उचललेला नसतो म्हणून."

इथून पुढं गाडी रुळावर आली. भाच्याची कंपनी दुचाकीचे प्लास्टिकचे भाग करते. नवा भाग करायचा तर आधी त्याचा मोल्ड लागतो, मोल्ड बाहेरच्या टूलरूममध्ये होतो, आणि टूलरूमवाल्याकडे एका वेळी पाच कंपन्यांचे मोल्ड आणि पाचही जणांना दिलेली एकच तारीख असते. फोन केला की उत्तर ठरलेलं, "स्पार्कला लावलाय साहेब, उद्या पक्कं." हा 'उद्या' महिनाभर टिकतो. गेल्या साली एका मोल्डचं असंच झालं. ग्राहकाकडची पहिली ट्रायल सोमवारी, शुक्रवार उजाडला तरी मोल्ड 'स्पार्कलाच'. भाचा संध्याकाळी रांजणगाव शेणपुंजीतल्या त्या शेडमध्ये जाऊन बसला. बघतो तर मोल्ड स्पार्कच्या मशिनवर नव्हताच. इलेक्ट्रोड करायला जे तांबं लागतं तेच आलं नव्हतं, कारण मागचं बिल थकलं होतं, आणि ते थकलं होतं भाच्याच्याच कंपनीच्या अकाउंट्समध्ये. पठ्ठ्यानं तिथूनच अकाउंट्सवाल्याला गाठलं, शनिवारी पहिल्या तासात पैसे सोडवले, दुपारी तांबं आणवलं, रविवारी पहाटेपर्यंत ऑपरेटरला चहा पाजत मशिनपाशी उभा राहिला आणि मोल्ड छोट्या हत्तीत टाकून कंपनीत आणला. सोमवारची ट्रायल सोमवारी लागली. नंतर त्यानं साहेबांकडून एक नियम करून घेतला: टूलरूमचं पहिल्या हप्त्याचं बिल आठ दिवसांत सुटलंच पाहिजे. तेव्हापासून त्यांचे मोल्ड तारखेला येतात.

"हे कुठं लिहिलंयस?" मी विचारलं.

त्यानं दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. 'एफेक्टिव्ह व्हेंडर मॅनेजमेंट.'

दाजी म्हणाले, "हे असलं लिहीत नसतात रे. बिल थकलं होतं, मग काय इज्जत राहिली?"

आमच्या लोकांचं हेच आहे. केलेलं काम सांगायला लाजायचं आणि न केलेल्या कामाला क्रियापदं लावायची. क्रियापदांचा हा धंदा किती घातक, ते बघायला फार लांब जायला नको, दौलताबादला जावं. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि काही वर्षांत परत नेली. लोकांचे हाल झाले, बादशहाचं नाव कायमचं म्हणीत जाऊन बसलं. आता हेच झेरॉक्सच्या दुकानात टाइप करा: 'हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर राजधानीच्या संपूर्ण स्थलांतराचे नेतृत्व. दरबार, लष्कर, प्रशासन व नागरिक अशा विविध घटकांशी प्रभावी समन्वय. पुढील टप्प्यात परतीच्या स्थलांतराचेही यशस्वी नेतृत्व. चलन क्षेत्रात अभिनव प्रयोग.' यात एक शब्द खोटा काढून दाखवा. कुठलीही एचआर या माणसाला पहिल्या फेरीत बोलावील. 'नेतृत्व' आणि 'समन्वय' हे शब्द तुघलकालाही बसतात आणि माझ्या भाच्यालाही. जे तुघलकाला बसणार नाही तेवढंच रेझ्युमेत ठेवावं, अशी मी भाच्याला अट घातली. चार पानांचं सव्वा पान झालं.

मग क्रमाचा प्रश्न आला. भाच्यानं रिवाजाप्रमाणं दहावीच्या टक्क्यांपासून सुरुवात केली होती. दहावी, बारावी, डिप्लोमा, डिग्री, ऑटोकॅडचा कोर्स, एमएस-सीआयटी, आणि नोकरी दुसऱ्या पानावर. मी त्याला वेरूळच्या कोकसाची गोष्ट सांगितली. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त ती आहे. राजा आजारी पडला. राणी माणकावतीनं नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला आणि पंचाईत झाली. देऊळ म्हणजे पाया, जोतं, भिंती, मग शिखर. वर्षं जाणार आणि राणी तोवर उपाशी. सगळ्या कारागिरांनी हात टेकले. पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्यानं डोंगर वरून फोडायला घेतला. शिखर आधी कोरलं, राणी जेवली, बाकीचं देऊळ सावकाश खाली उतरत गेलं. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, आणि ही कथा त्याच्या कितीतरी नंतरची. पण लेणं वरून खाली कोरलंय, हे तिथं जाऊन कुणीही बघावं.

कोकसाचं कौतुक माझ्या मते कोरण्यापेक्षा ऐकण्यात आहे. बाकीच्यांनी 'देऊळ पाहिजे' एवढंच ऐकलं. त्यानं राणीला काय दिसलं पाहिजे ते ऐकलं. नोकरीची जाहिरात अशी वाचावी. शेंद्र्याच्या एखाद्या कंपनीनं 'नवीन उत्पादन, व्हेंडर विकास, वेळेत ट्रायल' असं मागितलं असेल, तर ती एचआर बाई तुमची दहावी बघेपर्यंत उपाशी राहायची नाही. ती पुढचा रेझ्युमे उघडेल. तिच्याआधी तर हल्ली सॉफ्टवेअरच वाचतं. जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत आहेत का ते बघतं, आणि झेरॉक्सवाल्यानं हौसेनं काढलेल्या चौकटी, दोन रकाने, रंगीत पट्ट्या आणि फोटो यांत त्याचा गोंधळ उडतो. तेव्हा शिखर वर, साध्या अक्षरात, आणि जाहिरातवाल्याच्या शब्दांत. दहावीचे टक्के गाभाऱ्यातही नकोत.

भाच्याला कोकस पटला. दाजींना नाही. "दहावीला ब्याऐंशी टक्के आहेत त्याला," ते म्हणाले आणि हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावला.

आता आकडे. भाचा म्हणे, "मामा, आकडे कशाला? उगाच पकडतील." पकडावंच, त्यासाठीच लिहायचे. मलिक अंबरानं हे शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं. हबशाणातून गुलाम म्हणून विकला जात जात हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. 'आधीची नोकरी का सोडली' या रकान्यात त्यानं काय लिहिलं असतं कोण जाणे. त्यानं शहराला पाणी आणायला नहर खोदायचं ठरवलं तेव्हा शहाण्यासुरत्यांनी हसून काढलं, असं सांगतात. नहर-ए-अंबरी पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत पुरी झाली, हेही सांगतात. बघा, चारशे वर्षं झाली तरी लोकांना काय आठवतं? मुदत आणि खर्च. अंबर 'जलक्षेत्रातील ध्येयवादी नेतृत्व' होता असं कुणी सांगत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जायकवाडीहून अडीच मीटर व्यासाची नवी जलवाहिनी आणायच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तेव्हा आकडा १,६८० कोटी होता, मग सुधारित होऊन २,७४० कोटींवर गेला. दोघांची तुलना करणं अन्यायाचं आहे, हे मला मान्य आहे. अंबराला निविदा काढायची नव्हती, भाववाढ द्यायची नव्हती, रस्ता खोदायला दुसऱ्या खात्याची परवानगी मागायची नव्हती. पण एक झालं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या या शहरात प्रत्येक घरात एक प्रोजेक्ट मॅनेजर तयार झाला, आणि ती बहुतेक घरची बाई असते. ताईचंच बघा. पाण्याचा वार, टाकीची पातळी, मोटार लावायची वेळ, मध्येच लाईट गेली तर काय, पाहुणे आले तर टँकर कुणाचा आणि तो गल्लीत वळेल का, श्रावणातली सत्यनारायणाची पूजा पाण्याच्या वाराला धरून कशी बसवायची. जोखीम, पर्याय, साठा, सगळं डोक्यात. गँट चार्ट म्हणून फ्रिजवर कालनिर्णय. तिला मी म्हटलं, तुझाही रेझ्युमे करू. ती म्हणाली, "आधी मोटार बंद कर, टाकी वाहायली."

भाचा पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अमेरिकन परीक्षेचं विचारत होता. चांगली आहे, द्यावी. पण पदवीधराला तिथंही आधी छत्तीस महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव मागतात, शिवाय पस्तीस तासांचं प्रशिक्षण. नावापुढं तीन अक्षरं लावून थकलेलं बिल सुटत नाही, एवढं लक्षात ठेवून द्यावी.

शेवटी मी त्याला मकबऱ्याला नेलं. भाच्याचा जन्म या शहरातला, पण बिबी का मकबरा त्यानं पाहिला होता तो शाळेच्या सहलीत आणि मुंबईचे पाहुणे आले तेव्हा. आपल्याकडे त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवतात. मला ते कधीच पटलं नाही. ग्राहकाची, म्हणजे औरंगजेबाची, मागणी काय होती ते बघा: बापाकडे आहे तसंच पाहिजे, पण खर्च बेतानं. वाळूजमधल्या प्रत्येक व्हेंडरला हे वाक्य पाठ आहे. ताजमहालाचे स्थापत्यकार उस्ताद अहमद लाहोरी, त्यांचा मुलगा अताउल्ला याला हे काम मिळालं, सोबत अभियंता हंसपतराय. औरंगजेबानं सात लाख रुपये दिले असं म्हणतात, आणि गुलाम मुस्तफाच्या 'तवारीखनाम्या'त खर्च नोंदलाय ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. बजेटमध्ये बसवून वर ३१ हजार ७९६ रुपये ९ आणे शिल्लक. संगमरवर कुठं, तर घुमटाला आणि भिंतीच्या खालच्या भागाला. बाकी गिलावा, पण असा घोटलेला की लांबून कळू नये. कुणी याला काटकसर म्हणेल, मी याला स्कोप मॅनेजमेंट म्हणतो. आणि दरवाजावर लेख कोरून नावं घातलीत दोघांची: आराखडा अताउल्लाचा, बांधणी हंसपतरायाची. कोण आणि काय केलं. पुढचं वाक्य मागं उभं आहे, आजही तिकीट काढून बघता येतं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, यात डिक्लरेशन नाही."

रेझ्युमेच्या तळाला 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे' असं लिहून खाली 'दिनांक' आणि पुढं टिंबं टिंबं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. बहुतेक प्रोजेक्टांमध्ये पूर्णत्वाची तारीखही अशीच टिंबांत असते, म्हणून मला ती ओळ तशी प्रामाणिक वाटते. तरी काढली. वडिलांचं नाव, रक्तगट आणि तीळही काढला. वर शिखर ठेवलं: मोल्डचा विकास, काम किती रकमेचं, ट्रायल ठरल्या दिवशी. त्याखाली थकलेल्या बिलाची गोष्ट दोन ओळींत, उशीर कशानं होत होता आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं या क्रमानं. टीममध्ये चौघं होते म्हणून 'चौघांच्या टीममध्ये' असंच लिहिलं. भाच्याला तिथं 'नेतृत्व' पाहिजे होतं. मी म्हटलं, समोरच्यानं फक्त "बाकीचे तिघं काय करत होते?" एवढं विचारलं तर काय सांगशील? त्यानं ते खोडलं.

रेझ्युमे पाठवल्यावर शेंद्र्याच्या एका कंपनीतून पाचव्या दिवशी फोन आला. फोनवर बाईंनी पहिला प्रश्न तांब्याचा विचारला. मुलाखत गुरुवारी ठेवली होती. गुरुवारी आमच्या भागात पाणी येतं, ताई गावाला गेलेली, दाजींना मोटार लावता येत नाही. भाच्यानं शुक्रवार मागून घेतला आणि कारणही खरं तेच सांगितलं. एचआर बाई सिडकोतच राहतात. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.